मोठेबाबांसाठी गोळ्या पाठवू नकोस

चि. निखिल,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले दोन्ही लेख वाचले. तुझं म्हणणं असं, की मिरगीवरची व्हॅल्प्रोएटची गोळी एपिजेनेटिक, म्हणजे डीएनएची अक्षरं न बदलता जनुकं चालू-बंद करणारं, औषध म्हणूनही काम करते, किरणांचा असर वाढवते, स्वस्त आहे, दारव्ह्याच्या मेडिकलमध्येसुद्धा मिळते; मग तोंडाच्या कॅन्सरसाठी किरणं घेणाऱ्या मोठेबाबांना का देऊ नये? प्रश्न खुळचट नाही. म्हणूनच फोनवर ‘नको’ म्हणून न सोडता लिहायला बसले. बारावीला गणित घेऊन तू जीवशास्त्र सोडलंस, तेव्हा आता आईचा एक तास बुडवलेला भरून काढ.

एका पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरतो. तो मावावा म्हणून आठ हिस्टोन प्रथिनांच्या गड्ड्याभोवती अक्षरांच्या 147 जोड्यांचा एकेक वेढा, असा गुंडाळलेला असतो. कुठे घट्ट, कुठे सैल. हिस्टोनवर अॅसिटिल गट बसले की गुंडाळी सैल होते, एचडॅक नावाचं विकर ते काढून टाकतं आणि ती पुन्हा आवळते. खुद्द डीएनएवर मिथिल गट चिकटले की ते जनुक सहसा गप्प होतं. अक्षरं तीच राहतात, वाचलं काय जातं ते बदलतं. कॅन्सरची पेशी याचा पुरेपूर फायदा घेते. वाढीला लगाम घालणारं पी16 हे जनुक तोंडाच्या कॅन्सरमध्ये कित्येकदा असं मिथिल लावून बंद केलेलं सापडतं.

आता किरणं. एका ग्रेला (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचं एकक) एका पेशीच्या डीएनएत साधारण 20 ते 40 ठिकाणी दोन्ही पदर तुटतात. काही थेट किरणांनी, बरेचसे पेशीतल्या पाण्यापासून तयार होणाऱ्या मोकाट रेणूंनी. तुटलेल्या जागी काही मिनिटांत एच2एएक्स या हिस्टोनवर फॉस्फेटची खूण उमटते आणि दोन्ही बाजूंना लाखो अक्षरांपर्यंत पसरते. ही खूण 1998 साली सापडली. दुरुस्ती करणारी प्रथिनं तिच्याच मागावर येतात. म्हणजे किरण पडल्यावर पेशी जगणार की मरणार, यात गुंडाळीचा हात असतोच.

यवतमाळच्या जिनिंगमधली आग तुला आठवत असेल. सुट्या रुईला ठिणगी लागली की भडका. प्रेस केलेली गठाण नुसती वरून करपते. पण तीच गठाण आतून धुमसायला लागली की पाणी आत पोचत नाही, पट्ट्या तोडून ती उघडावी लागते. घट्ट गुंडाळलेल्या डीएनएला किरणांची इजा कमी होते, पण झालेली इजा दुरुस्त व्हायला वेळही जास्त लागतो. व्हॅल्प्रोएट आणि व्होरिनोस्टॅट ही औषधं एचडॅकला अडवतात. गुंडाळी सैल राहते, शिवाय दुरुस्तीची काही प्रथिनं कमी तयार होतात. काचेच्या बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशी मग त्याच किरणांना जास्त संख्येने मरतात. तुझ्या लेखात इथवरचं सगळं बरोबर आहे.

पुढचं त्यात नव्हतं. व्होरिनोस्टॅटला अमेरिकेत 2006 मध्ये मंजुरी मिळाली ती त्वचेच्या एका प्रकारच्या लिम्फोमासाठी (पांढऱ्या रक्तपेशींचा कॅन्सर), किरणांच्या जोडीला नव्हे. व्हॅल्प्रोएटचं म्हणशील तर ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कॅन्सरमध्ये आधी आशादायक बातम्या आल्या, पण 2016 मध्ये मोठ्या चाचण्यांमधल्या रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली, तर गोळी घेणारे जास्त जगले असं काही दिसलं नाही. मोठेबाबांना आठवड्याला सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाची सलाईन लागते. तिने प्लेटलेट आधीच खाली येतात. व्हॅल्प्रोएटनेही प्लेटलेट घटू शकतात, यकृताला त्रास होऊ शकतो, गुंगी येते. प्लेटलेट घसरल्या आणि केमो थांबली, तर तुझी स्वस्त गोळी फार महाग पडेल रे.

एपिजेनेटिक्सचा दवाखान्यात काहीच उपयोग नाही, असं मात्र समजू नकोस. त्याच ग्लायोब्लास्टोमात एमजीएमटी नावाच्या दुरुस्ती-जनुकावर मिथिल लागलंय का, हे तपासतात. लागलं असेल तर किरणांसोबतचं टेमोझोलोमाइड हे केमोचं औषध चांगलं लागू पडतं, हे 2005 मध्ये दाखवलं गेलं. तोंडाच्या कॅन्सरमध्ये किरणांची मात्रा ठरवायला अशी तपासणी आज रोजच्या वापरात नाही. हळदीच्या कॅप्सूलचा दुसरा लेख मी अर्ध्यात सोडला. बशीत हळद सगळ्यांनाच मारते, पोटातून रक्तात मात्र फारशी जात नाही. वरणात आहे तेवढी पुरे.

मोठेबाबांचं म्हणशील तर ऑपरेशनने दिसणारा रोग काढला, ही किरणं उरल्यासुरल्या न दिसणाऱ्या पेशींसाठी आहेत. रोज 2 ग्रे, आठवड्याचे पाच दिवस, सहा आठवडे, एकूण 60 ग्रे. मास्क करताना मी सोबत होते. जाळीचा पांढरा पत्रा गरम पाण्यात बुडवला की कणकेसारखा मऊ पडतो, तो चेहऱ्यावर ओढून दाबतात आणि निवता निवता तो नाका-हनुवटीचा आकार धरतो. रोज तोच मास्क टेबलाला खटाखट अडकवतात, मान तसूभर हलत नाही. बाहेर आल्यावर गालावर जाळीचे चौकोन उमटलेले असतात. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याने तोंड आधीच इतकं आवळलंय की जेमतेम दोन बोटं आत जातात. त्यात आता फोड आलेत. ताकातल्या पातळ ज्वारीच्या कण्या आणि गाळलेलं वरण, तेही चमच्याने. मोठी आई तिखटाच्या डब्याकडे बघतसुद्धा नाही.

आणि आता त्यांचं नवीन सुरू झालंय. “पोळ्याले दोन रोज घरी येतो ना, बैलाईले कोन सजवन?” आत्याही म्हणते, जाऊ द्या, काय होतं दोन दिवसांनी. होतं. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये उपचार ठरल्यापेक्षा लांबला, तर रोग आटोक्यात राहण्याची शक्यता दिवसाला साधारण एक-दीड टक्क्याने घटते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर उरलेल्या पेशी आणखी झपाट्याने वाढायला लागतात, आणि मोठेबाबा नेमके तिथेच आहेत. मशीन बंद असेल तर आपला इलाज नाही, पण आपल्या हाताने सुट्टी घ्यायची नाही.

दुसरी गोष्ट बिडीची. खर्रा सुटला, पण आत्याच्या गच्चीवर थोटकं सापडली. कॅनडातल्या 1993 च्या एका अभ्यासात किरणं चालू असताना धूम्रपान करणाऱ्यांपैकी 45 टक्क्यांचा रोग पूर्ण विरला, न करणाऱ्यांत 74 टक्क्यांचा. भरपूर ऑक्सिजन असलेल्या पेशीवर किरणांचा असर अडीच-तीन पट होतो, आणि बिडीचा धूर रक्तातला ऑक्सिजनच पळवतो. तुला एपिजेनेटिक्सच हवं असेल तर तेही इथे आहे. धुराने रक्तपेशींच्या डीएनएवरचे मिथिल बदलतात आणि सोडल्यावर काही वर्षांत त्यातले बरेचसे पूर्ववत होऊ लागतात. हे तू त्यांना सांग. माझं ते ऐकून घेतात नि मान डोलावतात. तू सांगितलंस की जरा वरमतात.

तेव्हा पार्सल पाठवू नकोस, पोळ्याच्या आठवड्यात सुट्टी काढून तूच नागपूरला ये. मोठी आईला तेवढे दिवस गावी पाठवू. झुली आणि बेगड बाबा आणतील, बैल ती आणि बाबा मिळून सजवतील, तू मोठेबाबांना मशीनवर नेत जा. योजनेच्या कागदांची फाईल आत्याच्या कपाटात वरच्या खणात आहे, राशन कार्डाची झेरॉक्स तिच्यातच आहे. सोमवारी रक्ताचा रिपोर्ट हातात घेऊनच ओपीडीत जायचं, नाहीतर सलाईनचा नंबर दुपारवर जातो. गोळीबद्दल तुला अजून शंका असेल तर तिथल्या डॉक्टरांना तोंडावर विचार, मोठेबाबांसमोर नको.

तुझी,
आई