अनुवादकांनो, मनापासून आभार

फोनसाठीच्या मुक्त सॉफ्टवेअरच्या अनुवादांचा मेळ घालण्याचं काम माझ्याकडे आहे. तुमच्यातल्या बहुतेकांची मला फक्त टोपणनावं माहीत आहेत. वेबलेट आणि क्राउडिन ही अनुवाद करायची संकेतस्थळं. वेबलेटवर एफ-ड्रॉइड हे मुक्त ॲप्सचं भांडार, क्राउडिनवर लिनिएजओएस ही अँड्रॉइडवर आधारलेली फोनची प्रणाली. कुठे ना कुठे तुम्ही रोज दिसता. डिसेंबर २०१६ मध्ये सायनोजेनमॉड ही आधीची प्रणाली बंद झाली आणि तिच्यातून लिनिएजओएस उभं राहिलं, तेव्हा जुना कोड पुढे आला, तशी अनुवादकांची मेहनतही आली.

वाक्यं तुमच्यासमोर सुटी येतात. हे बटण की सूचना, हेही कळत नाही. तरी कुणीतरी ॲप उघडून नेमका तो स्क्रीन शोधतं, मजकूर तिथे मावतो का ते पाहतं. ही चिकाटी मला फार मोठी वाटते. नाव किंवा आकडा जिथे येणार, तिथली खुणेची चिन्हं जशीच्या तशी राखणाऱ्यांचे विशेष आभार, कारण ती बिघडली तर ॲप बंदही पडतं. अरबीत तर आकडा असलेल्या एकेका वाक्याची संख्येनुसार सहा रूपं भरावी लागतात. तीही कुणीतरी भरली!

तपासनिसांचे आभार. आणि वेळेअभावी थांबताना आपली शब्दसूची पुढच्याच्या हाती नीट सोपवून गेलेल्यांचेही.