ओटर पॉइंटच्या दादांना, मनापासून

केप मॅक्लिअरच्या डायव्हिंगवाल्या दादांना,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम मराठीत लिहितोय. घरी मासे पाळणाऱ्या आमच्या मंडळींनाही कळू दे, आफ्रिकेतल्या मलावी सरोवरात तुम्ही मला काय दिलंत ते. तुमच्यासाठी इंग्रजीत वेगळं पाठवलंय.

पुण्याच्या घरात बारा वर्षं मलावीचे सिक्लिड मासे पाळले, म्हणून त्यांचं घर बघायला आलो. पहिल्या दिवशी निळे-पिवळे म्बुना, म्हणजे खडकांत राहणारे सिक्लिड, दिसताच कॅमेरा घेऊन त्यांच्या मागे लागलो. दम लागला, मास्कमध्ये पाणी शिरलं आणि घाबरून मी थेट वर निघालो. तुम्ही माझा पट्टा धरलात आणि मास्क मोकळा होईपर्यंत सोडला नाहीत. हे सरोवर समुद्रसपाटीपासून पावणेपाचशे मीटर उंचावर, इथे वर यायची घाई समुद्रापेक्षाही महागात पडते, हे बोटीत बसवून समजावलंत. एक शब्द रागाचा नाही.

दुसऱ्या दिवशी मला एका खडकाशी नेऊन नुसतं थांबवलंत. पाचेक मिनिटांत मासे परत आले. लेबियोट्रोफियस जातीचा म्बुना माझ्या हातभर अंतरावर आला, अंग खडकाला जवळजवळ समांतर ठेवून शेवाळ खरवडू लागला. त्याचं ते ओठावर आलेलं जाड नाक घरी रोज बघत होतो. टाकीत वरून पडलेलं खाणं खाणाऱ्या माशाकडे बघून ते कशासाठी आहे, हे कधी कळलंच नव्हतं.

आणि मग वाळूवरचा तो कालिगोनो मासा! आडवा पडलेला, अंगावर कुजल्यासारखे तपकिरी डाग. मेलाय समजून मी हात पुढे केला; तुम्ही मनगट धरलंत. बारकी पिल्लं त्याला टोचायला जवळ आली, आणि मेलेल्या माशाने कूस न बदलता एक गट्टम केलं. तुमच्या चिचेवा भाषेत कालिगोनो म्हणजे झोपाळू, हे तुम्ही वर आल्यावर सांगितलंत आणि स्वतःच किती खूश झालात! हजारो वेळा पाहिलं असेल तुम्ही ते.

घरच्या टाकीत आता पृष्ठभागापर्यंत दगड रचलेत. संध्याकाळी दिवे लावून समोर बसतो, अर्धा तास, काहीही न करता.

झिकोमो क्वाम्बिरी, खूप खूप आभार, दादा.

तुमचा,
पुण्याचा पाहुणा