बल्ब बदलण्याआधी वायरिंग पाहा

संपादक महोदय,

जुन्या पिकअपचे दिवे मंदावले की सर्रास एलईडी बल्ब कोंबले जातात. हॅलोजनच्या फिलामेंटसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये त्यांचा झोत विस्कटतो. समोरच्याचे डोळे दिपतात, आपल्याला मात्र रस्ता धड दिसत नाही.

दुखणे बहुधा वायरिंगमध्ये असते. इंजिन चालू ठेवून, दिवे लावून बॅटरीवर आणि बल्बच्या होल्डरवर व्होल्टेज मोजा. ते 10 टक्के घटले तरी हॅलोजनचा प्रकाश सुमारे 30 टक्क्यांनी पडतो. अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल तर लो आणि हाय बीमसाठी वेगळे रिले (थोड्या करंटवर दिव्यांचा मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) बसवा. बॅटरीजवळ फ्यूज, तिथून 2.5 चौ. मिमी तांब्याची वायर रिलेच्या 30 क्रमांकाच्या पिनला, 87 च्या पिनवरून बल्बला. जुन्या स्विचची वायर फक्त 86 ला, 85 अर्थला, म्हणजे गाडीच्या पत्र्याला. 60/55 वॅटच्या (हाय/लो बीम) बल्बच्या जोडीला 15 अँपिअरचा फ्यूज पुरतो. अर्थिंग मात्र रंग खरवडून उघड्या पत्र्यावरच घ्या. निम्मी कामे इथेच फसतात! 100 वॅटचे बल्ब नकोतच, होल्डर वितळतात.

पिवळट काच पॉलिश करा; रिफ्लेक्टरचा मुलामा उडाला असेल तर दिवाच बदला. झोताची उंची नेहमीचा माल भरून लावा, कारण मागचा भाग दबला की झोत वर जातो.

– एक ऑटो इलेक्ट्रिशियन