धनुष्याच्या मुठीला रबर नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पुरवणीत गेल्या रविवारी लाकडी धनुष्याच्या निगेवर आलेला लेख मी दोनदा वाचला. दोरीला मेण लावावे, सराव संपताच दोरी उतरवावी, धनुष्य भिंतीला टेकवून उभे न ठेवता आडवे ठेवावे, या त्यातील सूचना योग्यच आहेत. मात्र मुठीवर क्रिकेटच्या बॅटचे रबरी आवरण चढवावे आणि हाताला मऊ लागावे म्हणून त्याखाली फोमची पट्टी द्यावी, असा जो सल्ला त्यात जाता जाता दिला आहे, तो लाकडी धनुष्याला मानवणारा नाही, आणि नाशिकच्या पावसाळ्यात तर मुळीच नाही. एवढ्या ठामपणे लिहिण्याचे कारण म्हणजे हा प्रयोग मी स्वतः करून पस्तावलो आहे.

माझ्याकडे धामणीच्या लाकडाचे एक धनुष्य आहे. (धामण म्हणजे येथे फालशाच्या कुळातील झाड; नाव ऐकून पुष्कळांना साप आठवतो.) हे लाकूड लवचिक आणि चिवट असल्यामुळे धनुष्यासाठी आणि अवजारांच्या दांड्यांसाठी ते पूर्वापार वापरात आहे. पेठ तालुक्यातील एका सुताराने ते मला तासून दिले, आणि मी शहरातील एका दुकानात जाऊन त्याच्या मुठीवर फोम आणि रबर चढवून घेतले. दुकानदाराने आपले काम सफाईने केले होते; चूक माझ्या निवडीची होती. जून ते सप्टेंबर धनुष्य तसेच वापरले. दसऱ्याला पूजेसाठी म्हणून ते स्वच्छ करायला घेतले, तेव्हा रबर एका कडेला सुटलेले दिसले, म्हणून कापून काढले. आत फोमचा चिकट लगदा झाला होता, लाकूड काळे पडले होते, त्यावर बुरशी धरली होती आणि बोट फिरवले की उठलेले तंतू टोचत होते. रबरातून पाणी बाहेरून आत जात नाही हे खरे, पण तळहाताचा घाम कडेने झिरपून एकदा आत शिरला की तो बाहेरही पडत नाही. ॲल्युमिनियमच्या मुठीला याचे सोयरसुतक नसते, लाकडाला असते.

मुळात मुठीला आवरण कशासाठी हवे, याचा विचार आधी व्हायला हवा. धनुष्याच्या मध्यभागाला संस्कृतात 'लस्तक' असा स्वतंत्र शब्द आहे, इतके त्या जागेचे महत्त्व. तेथे हात प्रत्येक वेळी त्याच ठिकाणी बसावा, घामाने घसरू नये आणि घाम थेट लाकडात मुरू नये, एवढीच आवरणाची कामे आहेत. मऊपणा त्यात येत नाही. धनुष्य घट्ट आवळून धरायचेच नसते. दोरी ओढल्यावर सगळा दाब अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यावर येतो आणि बोटे सैल राहतात. रबर कातडीला चिकटून धरते, त्यामुळे हात किंचित वाकडा पडला तर तो आपोआप सरकून जागेवर बसू शकत नाही, आणि बाण सुटताना धनुष्य हातात पिळले जाते. फोमचा दोष वेगळाच आहे. तो प्रत्येक वेळी कमी-अधिक दबतो, म्हणजे हात आणि दोरी यांच्यातील अंतर दर बाणागणिक बदलते, आणि सराव करणारा मुलगा बिचारा दोष आपल्या नेमाला देत राहतो.

जाडीबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण त्या लेखात तिचा उल्लेखच नाही. साध्या लाकडी धनुष्याला बाणासाठी मध्यापर्यंत खाच नसते. बाण मुठीच्या बगलेतून जातो. मूठ ३० मिलिमीटर रुंद आणि बाणाची काडी ८ मिलिमीटर जाड धरली, तर काडीचा मध्य धनुष्याच्या मध्यरेषेपासून १९ मिलिमीटर दूर पडतो. दीड मिलिमीटरचे चामडे लावले की हे अंतर साडेवीस होते; फोम आणि रबर मिळून ४ मिलिमीटर झाले की २३. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बाण धनुष्याच्या डाव्या अंगाला असतो, त्यामुळे आवरण जितके जाड तितके बाणाचे टोक डावीकडे वळते, आणि सुटल्यावर धनुष्याला वळसा घालून सरळ येण्यासाठी त्या बाणाला अधिक वाकावे लागते. काल जुळणारे बाण आज एकाएकी ताठ वाटू लागतात ते यामुळे. आवरण बदलल्यावर नवे बाण विकत घेणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांनी खर्च करण्याआधी मुठीची जाडी मोजली असती तर बरे झाले असते.

आता काय लावावे, याविषयी. माझी पहिली पसंती झाडाच्या सालीने कमावलेल्या पातळ चामड्याला आहे. कोल्हापुरी चपलांसाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरून चामडे कमावतात, त्या जातीचे, पण तळव्याचे जाड नव्हे तर एक ते दीड मिलिमीटरचे. हे चामडे ओले केले की मुठीच्या आकारावर बसते आणि वाळल्यावर तो आकार धरून ठेवते. शिवाय थोडा घाम शोषून घेते आणि मोकळ्या हवेत तो सोडूनही देते. बाजारात पाकिटे आणि पर्स यांसाठी मिळणारे क्रोमने कमावलेले चामडे मऊ आणि दिसायला देखणे असते, पण ते ताणले जाते, आकार धरत नाही, आणि त्याची गुळगुळीत बाजू ओल्या हाताला निसरडी लागते. स्वेडची लवदार बाजू सुरुवातीला उत्तम पकड देते. पुढे घामातील मीठ साचून ती कडक होते, तेव्हा ब्रशने लव उठवत राहण्याची तयारी असणाऱ्यानेच ती घ्यावी.

चामडे मुठीच्या घेरापेक्षा तीन-चार मिलिमीटर कमी रुंद कापावे, कडा रापीने (मोच्याच्या सुरीने) तासून पातळ कराव्यात, आरीने समोरासमोर भोके पाडून मेण लावलेल्या दोऱ्याने ते ओले असतानाच शिवावे आणि सावलीत वाळू द्यावे. आक्रसून ते स्वतःच घट्ट बसते. त्याआधी मुठीच्या लाकडाला लाखेचा किंवा जवसाच्या तेलाचा हात दिलेला आणि तो पूर्ण वाळलेला असला पाहिजे, नाहीतर ओले चामडे आपली ओल लाकडालाच देईल. शिवण लक्ष्याच्या बाजूला यावी. तळहाताखाली आली तर टोचते आणि बाणाच्या बाजूला आली तर पिसांना घासते. काही जण टोकांना लोखंडी चुका ठोकतात, तेही टाळावे. चुकांची भोके लाकूड फाटायला निमित्त होतात, आणि कमावलेल्या चामड्यातील तुरट द्रव्याचा लोखंडाशी संबंध आला की काळे डाग पडतात. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांपासून काळा रंग करतात, तीच ही क्रिया.

चिकटवण्याची गरज पडलीच तर सरस किंवा पिठाची खळ पुरेशी आहे. मोची वापरतात ते सोल्युशन पक्के धरते, पण आवरण ही दोन-तीन वर्षांनी बदलायची वस्तू आहे, आणि ते सोल्युशन खरवडताना मूठ तासली जाते.

त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या भागांतील बांबूच्या तीरकमठ्यांची गोष्ट मात्र निराळी आहे. असे धनुष्य मधोमधही वाकते, त्यामुळे त्यावर ताठ चामडे घट्ट चिकटवले तर ते सुरकुतते किंवा सुटते. तेथे सुती दोरा शोभतो. बॅटच्या दांड्यावर रबराखाली जसा दोरा गुंडाळलेला असतो, तसा तो एकाला एक लागून ओढून गुंडाळावा आणि शेवटचे टोक आधीच्या वेढ्यांखालून ओढून घ्यावे, म्हणजे गाठ हाताला लागत नाही. दोरा घाम पितो, लवकर वाळतो, मळला की दहा मिनिटांत बदलता येतो आणि खर्च जवळजवळ काहीच नाही. सुतळी नको; ती खरखरीत असते, ओल धरून ठेवते आणि कुजते. नायलॉनची दोरी कुजत नाही, पण घाम शोषत नाही आणि तिचे वेढे तळहातावर उमटतात. शाळकरी मुलांच्या धनुष्यांना तर मी चामड्याच्या आधी सुती दोराच सुचवेन, कारण मुलाला तो स्वतः बदलता येतो.

आणखी एक गोष्ट येथे सांगणे आवश्यक वाटते. परदेशी धनुष्यांची छायाचित्रे पाहून काही हौशी मंडळी सापाची, हरणाची किंवा घोरपडीची कातडी शोधत फिरतात. जपानी धनुष्याच्या मुठीला हरणाचे पातळ चामडे गुंडाळण्याची पद्धत आहे आणि ते झिजले की धनुर्धर स्वतः बदलतो, हे खरे. आपल्याकडेही धनुर्धराच्या हातावरील चर्मपट्ट्याला संस्कृतात 'गोधा' म्हणत, आणि गोधा म्हणजे घोरपड. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्या रानातील हरीण आणि घोरपड यांचे कातडे बाळगणे हा गुन्हा आहे. पंचवटीत राहून रामाच्या धनुष्याचा अभिमान मिरवणाऱ्या आम्हा लोकांना म्हशीचे किंवा शेळीचे कमावलेले चामडे पुरेसे असावे.

ज्यांनी आपला लेख वाचून रबर चढवले असेल, त्यांनी ते पावसाळा सुरू होण्यापूर्वी उतरवून मुठीचे लाकूड एकदा पाहावे. लाकूड ओलसर लागले तर आठ-दहा दिवस सावलीत वाऱ्यावर ठेवावे, तोवर त्यावर दोरी चढवू नये, आणि नंतर बारीक पॉलिश पेपरने तंतू बसवून तेलाचा हात द्यावा. आपण पुरवणीच्या पुढील अंकात रबर आणि फोम यांसंबंधीची ती सूचना मागे घेतल्याचे दोन ओळींत छापावे, अशी विनंती आहे.

कळावे,
आपला नम्र,
एक जुना वर्गणीदार
पंचवटी, नाशिक