खानदेश तीन जिल्ह्यांपुरता नव्हता

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘जळगाव, धुळे व नंदुरबार हे खानदेशातील तीन जिल्हे’ असे बातम्यांत सरसकट छापून येते. आजच्या कारभारापुरते ते चालेल, पण शाळेतली मुलेही तेवढाच खानदेश पाठ करतात, याचे वाईट वाटते.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि इंग्रजांनी खानदेशाचा एकच मोठा जिल्हा केला. त्याचे मुख्य ठिकाण धुळे. मालेगाव, नांदगाव आणि बागलाण हे तिन्ही तालुके त्यातच होते. १८६९ साली नाशिक जिल्हा नव्याने झाला, तेव्हा ते तिकडे जोडले गेले. सरकारी दप्तर हलले, माणसे होती तिथेच राहिली. बागलाणातल्या सटाण्याच्या बाजारात आजही खानदेशची अहिराणी बोली कानावर पडते. श्रावणात खानदेशची कानबाई देवी बसते तेव्हा तिकडच्या घरांतही नैवेद्याच्या रोटांसाठी गहू दळले जातात, भाऊबंद एकत्र जमतात. या लोकांना खानदेशाबाहेरचे कसे म्हणायचे?

उरलेल्या जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. १९३६ चे फैजपूरचे काँग्रेस अधिवेशन, खेड्यात भरलेले पहिले, पूर्व खानदेशातले. १९४२ मध्ये नंदुरबारला गोळ्या झेलणारा शाळकरी शिरीषकुमार पश्चिम खानदेशातला. महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा पश्चिमेकडची काही गावे गुजरातेत गेली, लवकरच दोन्ही जिल्ह्यांची नावेही बदलली: पूर्व खानदेशाचे जळगाव, पश्चिम खानदेशाचे धुळे. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला.

आमच्या घरी आजोबांच्या नावचे जुने खरेदीखत आहे. त्यावर ‘तालुके शहादे, जिल्हा पश्चिम खानदेश’ असे मोडीवळणाच्या अक्षरात लिहिले आहे. ते घेऊन एका कचेरीत गेलो, तर तिथल्या तरुण कर्मचाऱ्याने ‘असा जिल्हाच नाही’ म्हणून कागद परत केला. त्या मुलाला दोष देत नाही. त्याला हे कुणी शिकवलेच नाही. पण असे कागद घेऊन हेलपाटे घालणारी म्हातारी माणसे गावोगाव आहेत.

तेव्हा दोन विनंत्या. महसूल खात्याने जुन्या-नव्या जिल्हा-तालुक्यांचा तक्ता प्रत्येक तहसील कचेरीत लावावा. आणि जिल्ह्याचा भूगोल शिकवताना १८६९ पूर्वीच्या खानदेशाचा नकाशा मुलांपुढे ठेवावा, बागलाण-मालेगावच्या शाळांतही.

आपला,
एक वाचक, शहादा