टेनर घडवताही येतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतील ‘थ्री टेनर्स’वरचा लेख वाचला. १९९० साली रोममध्ये झालेल्या त्या मैफलीचे वर्णन रंगले आहे, पण लेखकाने तिघांनाही सरसकट इटालियन करून टाकले आहे. त्यांतले इटालियन एकटे पाव्हारोत्ती. दोमिंगो आणि कारेरास स्पेनचे. तेवढेच असते तर पत्र लिहिले नसते. खटकले ते ‘टेनर जन्मावाच लागतो, घडवता येत नाही’ हे ठोकून दिलेले विधान. (टेनर म्हणजे ऑपेरात, पाश्चात्त्य संगीतनाटकात, उंच पट्टीत गाणारा पुरुष गायक.)

इटालियन टेनर कार्लो बेर्गोन्झी हे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही. १३ जुलै १९२४ रोजी पार्मा प्रांतातल्या विदालेन्झो नावाच्या खेड्यात त्यांचा जन्म झाला. बुस्सेतो जवळच, म्हणजे हा थेट ऑपेराकार व्हेर्दीचा मुलूख. वडील चीज बनवायचे, पोरगाही त्याच कामाला लागला. पार्माच्या संगीत विद्यालयात ते शिकले ते बॅरिटोन म्हणून. टेनरपेक्षा खालच्या पट्टीतला तो आवाज. मध्येच महायुद्ध आले आणि जर्मनांच्या छावणीत कैदी म्हणून दिवस काढावे लागले. सुटून आल्यावर १९४८ मध्ये लेच्चे येथे ‘बार्बर ऑफ सेव्हिल’ या ऑपेरातला फिगारो केला, आणि पुढेही काही काळ बॅरिटोनच्याच भूमिका करत राहिले.

ही आपली पट्टी नव्हे, हे त्यांचे त्यांनाच कळले. टेनर होण्यासाठी मात्र त्यांनी कोणाचा गंडा बांधला नाही. कारुझो, जिली, स्कीपा, पेर्तिले या आधीच्या नामवंत टेनरांच्या रेकॉर्ड ऐकून ऐकून आवाज स्वतःच वर चढवला. ऐकायला सोपे वाटते. पण मधल्या स्वरांतून वर जाताना टेनरचा आवाज एका जागी वळतो आणि भल्याभल्यांचा तिथेच फाटतो. बेर्गोन्झींचा तो सांधा शोधूनही सापडत नाही. जानेवारी १९५१ मध्ये बारी शहरात ‘आंद्रेआ शेनिए’ या ऑपेरात ते टेनर म्हणून उभे राहिले. त्याच वर्षी व्हेर्दीच्या मृत्यूला पन्नास वर्षे होत होती. त्यानिमित्त इटालियन रेडिओने त्याचे ऑपेरा ध्वनिक्षेपित केले, त्यांत या नवख्याला मोठी कामे मिळाली. १९५३ मध्ये मिलानचे ला स्काला ऑपेरागृह, १९५६ मध्ये न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन ऑपेरा. तिथे ते १९८८ पर्यंत गायले, तीनशेहून अधिक वेळा.

लेखात सारा भर आवाजाच्या ताकदीवर आहे. ताकदच मोजायची तर देल मोनाको आणि कोरेल्ली हे त्यांचे समकालीन टेनर भारी पडतील. बेर्गोन्झी काय चीज होते ते व्हेर्दीच्या ‘आईदा’तल्या ‘चेलेस्ते आईदा’ या पदात कळते. पडदा वर गेल्यावर काही मिनिटांतच, गळा पुरता तापायच्या आत, टेनरला हे पद गावे लागते. त्याच्या शेवटच्या उंच स्वरावर व्हेर्दीने स्वच्छ लिहून ठेवले आहे: अगदी हळू, विरत जाणारा. बहुतेक गायक तिथे छाती फुगवून स्वर ठोकतात आणि टाळ्या वसूल करतात. व्हेर्दीची टेनरसाठीची ३१ पदे बेर्गोन्झींनी पन्नाशीच्या आसपास फिलिप्स कंपनीसाठी तीन एलपींवर गायली. त्यांत हा स्वर ते लावतात आणि एकाच श्वासात हळूहळू विझवत नेतात. लिहिलेले तसेच गायचे, एवढेच. पण त्यासाठी दमसास केवढा लागतो, हे आपल्याकडच्या ख्यालाच्या श्रोत्यांना वेगळे सांगायला नको.

दोष नव्हते असे नाही. अभिनय यथातथाच, रंगमंचावर बहुधा एका जागी उभे. अंगकाठीही नायकाची नव्हे. त्यांचा ‘स’ गावाकडच्या वळणाने ‘श’कडे झुकायचा आणि जगभर गाऊनही तो तसाच राहिला. मला तो आवडतो.

शेवटची एक गोष्ट लेखकाने मुद्दाम वाचावी. ३ मे २०००. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये पंचाहत्तरीच्या बेर्गोन्झींनी नेपथ्याविना, मैफलीच्या स्वरूपात व्हेर्दीचा ‘ओथेल्लो’ गायला घेतला. टेनरच्या भूमिकांत याहून जड भूमिका क्वचितच असेल, आणि ती त्यांनी आयुष्यात रंगमंचावर कधी केलेली नव्हती. दोन अंकांनंतर गळ्याने साथ सोडली आणि उरलेला प्रयोग बदली गायकाने पुरा केला. ड्रेसिंग रूममधल्या एअर कंडिशनरने घसा बसला, असे कारण दिले गेले. या वयात हा हट्ट कशाला, असे म्हणणारे तेव्हाही होते आणि ते अगदीच चुकीचे नव्हते. पण त्या रात्री श्रोत्यांत कोण बसले होते? पाव्हारोत्ती, दोमिंगो आणि कारेरास. तुमच्या लेखातले तिघेही.

२५ जुलै २०१४ रोजी मिलानमध्ये बेर्गोन्झी गेले. बुस्सेतोत त्यांनी ‘इ दुए फोस्कारी’ नावाचे हॉटेल काढले होते. नाव अर्थात व्हेर्दीच्याच ऑपेराचे. तिथे त्यांनी तरुण गायकांना शिकवलेही.

पुरवणीत या माणसावर अर्धे पान जरूर द्यावे. आणि लेखकमहाशयांनी तोवर १९५९ ची, वाद्यवृंद-संचालक कारायानने संचालित केलेली बेर्गोन्झींची ‘आईदा’ ऐकावी; सोबत गायिका तेबाल्दी आहेत. मग ‘जन्मावाच लागतो’वर पुन्हा बोलू.

आपला,
एक वाचक, मिरज