तागाचा धागा, प्लॅस्टिक आणि पाणी

महोदय,

ताग, घायपात किंवा केळीच्या खोडाचा धागा घातलेले प्लॅस्टिक काचतंतू (ग्लास फायबर) घातलेल्या प्लॅस्टिकइतकेच मजबूत असते, असे हल्ली सर्रास सांगितले जाते; हे विधान अर्धे खरे असल्यामुळेच ते तपासून घ्यायला हवे. निव्वळ ताण सोसण्यात काचतंतू तागाच्या कितीतरी पुढे आहे. मात्र काचेची घनता दर घन सेंटिमीटरला २.५ ग्रॅमच्या आसपास, तर तागाची सुमारे १.४ असल्याने, तेवढ्याच वजनात मिळणाऱ्या ताठरपणात ताग काचेच्या जवळ येतो, आणि म्हणूनच युरोपात मोटारींच्या दारांच्या आतील भागासाठी तागासारखेच वनस्पतीजन्य असलेले जवसाचे धागे वापरले जातात.

खरी अडचण धाग्यात नसून धागा आणि प्लॅस्टिक यांच्या जोडात आहे. कार्यशाळेत शिकवताना मी असे अनेक तुकडे मोडून पाहिले आहेत: तुटलेल्या कडेवर धागे अखंड लोंबत असतात आणि समोरच्या कडेवर त्यांची स्वच्छ भोके दिसतात, म्हणजे धागा तुटलेला नसतो, तो नुसता निसटलेला असतो. वनस्पतीचा धागा पाणी ओढतो, तर पॉलिप्रॉपिलीन हे प्लॅस्टिक ते दूर सारते; म्हणून दोघे एकमेकांना नीट चिकटत नाहीत. त्यामुळे धागा कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात धुऊन, पूर्ण वाळवून मगच वापरावा लागतो.

आमच्या कोकणातील पावसात अशा धागा घातलेल्या प्लॅस्टिकची बाके आणि दारे बसवायची असतील, तर कोरड्या नमुन्याबरोबर पाण्यात भिजवलेल्या नमुन्याच्या चाचणीचा अहवालही सरकारी निविदांमध्ये सक्तीचा करावा, ही आग्रहाची विनंती.

– एक शिक्षक, रत्नागिरी